घड्याळात तीन, डीजेत बारा

बुलढाणा जिल्ह्यात तालुके 13 आणि अजय-अतुल यांचं सगळ्यात भारी गाणं कोणतं यावर मतं 14. चौदावं मत पुण्याहून सुट्टीला आलेल्या जावयाचं असतं. तो हमखास असं गाणं सांगतो, जे आमच्याकडे कुठल्याही वरातीत वाजलेलं नसतं. जावई म्हटल्यावर तोंडावर कोणी काही बोलत नाही. तो हात धुवायला उठला, की बोलतात.

उरलेल्या तेरांचं भांडण मात्र उघड चालतं आणि त्याला जागेचं बंधन नाही. जयस्तंभ चौकातली टपरी चालते, एसटी स्टँडवरचा बाक चालतो, सलूनची खुर्ची चालते. तेरवीच्या पंगतीतही चालतं. तिथं फक्त आवाज हळू ठेवतात आणि ‘झिंगाट’चं नाव घेत नाहीत, ‘ते सैराटमधलं’ म्हणतात.

बाहेरच्या माणसाला वाटेल, ही संगीताची चर्चा आहे. तो गैरसमज आधीच दूर केलेला बरा. आमच्याकडे कोणालाही आवडतं गाणं विचारा, तो गाण्याबद्दल बोलतच नाही. स्वतःबद्दल बोलतो.

“मले तं ‘मल्हारवारी’.”

“काहून?”

“गॅदरिंगले नाचलो होतो न त्याच्यावर!”

झालं. 2004 सालच्या ‘अगं बाई अरेच्चा!’मध्ये अजय गोगावले यांनी गोंधळाच्या ठेक्यावर काय आवाज लावला, संबळ कसा घुमला, याबद्दल चकार शब्द नाही. तेव्हा हा गृहस्थ आठवीत होता. गळ्यात कवड्यांऐवजी शिंपल्यांची माळ, कमरेला संबळ म्हणून तेलाचा रिकामा डबा. तो डबा कसा वाजला, पाहुणे म्हणून आलेले गटशिक्षणाधिकारी कसे खूश झाले आणि बक्षीस मात्र दुसऱ्याच वर्गाला कसं गेलं, हे तो आजही ताज्या दुःखाने सांगतो. त्याचा मुलगा आता आठवीत आहे. त्यालाही ‘मल्हारवारी’वरच नाचवायचं असं घरात ठरलेलं आहे. मुलाला विचारलेलं नाही.

जिल्ह्याची आमची मूळ फाळणी आहे घाटावरचे आणि घाटाखालचे अशी. बुलढाणा, चिखली, मेहकर घाटावर. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद घाटाखाली. बोली बदलते, पाण्याची चव बदलते, मे महिन्यात तर हवामानाचा देशच बदलतो. घाटावरच्या माणसाला संध्याकाळी गार वारा लागतो आणि त्याला ‘जीव रंगला’ आठवतं. घाटाखालच्या माणसाचा जीव मे महिन्यात रंगण्याच्या स्थितीत नसतो, तो शिजत असतो. त्यामुळे तिकडे ठेका जोरदार लागतो. हा माझा सिद्धांत आहे आणि तो घाटाखाली बोलून दाखवण्याची मी हिंमत केलेली नाही.

‘जीव रंगला’वाल्यांजवळ एक हुकमी पत्ता असतो. वाद हातातून निसटतो आहे असं दिसलं, की ते शांतपणे तो टाकतात: “राष्ट्रीय पुरस्कार आहे त्याला.” आणि ते खरंच आहे. 56व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ‘जोगवा’च्या संगीतासाठी अजय-अतुल, आणि गाण्यासाठी हरिहरन व श्रेया घोषाल, असे तीन मान एकाच चित्रपटाच्या पदरात पडले. मराठी चित्रपटाच्या गाण्यावर दिल्लीने एवढा जीव क्वचितच लावला असेल. पण टपरीवर दिल्लीचा निकाल चालत नाही. समोरचा घोट घेतो आणि विचारतो, “पुरस्कार परण्यात नाचते का?”

परण्या म्हणजे नवरदेवाची लग्नाला निघालेली मिरवणूक, हे पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगितलं. गावातल्या मारुतीचं दर्शन घेऊन नवरदेव निघतो तो मांडवाकडे. अंतर चालत पाच मिनिटांचं. वेळ दोन तास. अजय-अतुल यांच्या कामगिरीचा खरा कस लागतो तो या दोन तासांत, आणि या जोडीचं मोठेपण कोणाला मोजायचं असेल तर त्याने पुरस्कारांची यादी न बघता घाटाखालचा परण्या बघावा.

पत्रिकेवर मुहूर्त छापलेला असतो दुपारी 12 वाजून 15 मिनिटांचा. त्या वेळी नवरदेव मारुतीपाशीच असतो, कारण डीजेची गाडी आदल्या लग्नातून सुटलेली नसते. ती येते, जनरेटर सुरू होतो आणि नवरदेवाचे मित्र पहिली फर्माईश करतात ‘वाजले की बारा’ची. घड्याळात तेव्हा सव्वा वाजलेला असतो. 2010 च्या जानेवारीत ‘नटरंग’ आला तेव्हापासून हे गाणं आमच्या लग्नांत बाराला वाजलेलं मी पाहिलेलं नाही. पडद्यावर अमृता खानविलकर यांनी ज्या गाण्यावर अदा दाखवल्या, त्यावर इथं नवरदेवाचा मामा तोंडात रुमाल धरून नाचतो. हा मामा प्रत्येक लग्नात असतो. त्याचं कुटुंब वेगळं असतं, रुमाल तोच वाटतो.

मांडवात इकडे पंगतीचं वरण दुसऱ्यांदा गरम होतं. भटजी घड्याळ बघायचं सोडून मोबाइल बघू लागतात. मुलीचे वडील दोनदा येऊन हात जोडून जातात. त्यांना प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळतं, “शेवटचं गानं, बाबूजी!” अजय-अतुल यांची गाणी शंभराच्या पुढे असतील, पण आमच्या लग्नांत त्यातली निम्मी ‘शेवटची’ आहेत. तीन वाजता तीच फर्माईश पुन्हा होते. घड्याळात तीन, डीजेत बारा, आणि मुहूर्त कधीचा उलटून गेलेला. मग भटजी म्हणतात, गोरज मुहूर्तही चांगलाच असतो.

डीजे येण्याआधी हे काम बँडवाल्यांचं होतं आणि अजूनही ज्यांच्या आजोबांचा हट्ट असतो त्यांच्याकडे बँड लागतो. आमच्या ओळखीच्या एका बँडमास्तरांइतका अजय-अतुल यांचा बारकाईने अभ्यास केलेला माणूस मी पाहिला नाही. त्यांचं मत विचारलं तर ते म्हणतात, “सगळ्यात चांगलं गानं ‘कोंबडी पळाली’. एका चालीत दोनदा पैसे सुटते.”

याचा उलगडा असा. ‘अगं बाई अरेच्चा!’वाल्या केदार शिंदे यांच्याच ‘जत्रा’मध्ये आनंद शिंदे आणि वैशाली सामंत यांनी ‘कोंबडी पळाली’ गाऊन महाराष्ट्र हलवला. पुढे 2012 मध्ये ‘अग्निपथ’ आला आणि तीच चाल घेऊन श्रेया घोषाल यांच्या आवाजात ‘चिकनी चमेली’ झाली, कतरिना कैफ त्यावर नाचल्या. अंगणातली कोंबडी मुंबईला जाऊन अशी नावारूपाला आली. आता परण्यात काय होतं, की मुलीकडची वडीलधारी मंडळी ओरडतात “कोंबडी!” आणि मुलाचे मित्र ओरडतात “चमेली!” वाद वाढतो, कोणीतरी कोणाच्या तरी अंगावर जातो. मास्तर दोन्ही बाजूंना मान डोलावतात, ट्रम्पेट तोंडाला लावतात आणि वाजवायचं तेच वाजवतात. शब्द बँडमध्ये नसतातच. कोंबडीवाल्यांना कोंबडी ऐकू येते, चमेलीवाल्यांना चमेली. दोघंही जिंकल्याच्या आनंदात मास्तरांवरून नोटा ओवाळतात. अनेक राजकीय पक्षांना जे जमत नाही ते त्या ट्रम्पेटला जमतं.

मास्तरांची खरी परीक्षा घेतली ती ‘सैराट’ने. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट 29 एप्रिल 2016 ला लागला. लग्नसराई ऐन रंगात आलेली आणि अक्षय तृतीया दहा दिवसांवर. आमच्या जिल्ह्यात अक्षय तृतीयेला भेंडवळची घटमांडणी होते. शेतात घट मांडतात, भोवती धान्य ठेवतात आणि दुसऱ्या दिवशी पहाटे त्यावरून पाऊस किती, पीक कोणतं, राजाची गादी टिकते की हलते याचं भाकीत सांगतात. त्या भाकितावर लोक वर्षभर वाद घालतात. त्या वर्षी लग्नात कोणतं गाणं वाजणार, हे सांगायला मात्र घट लागला नाही. शेंबडं पोरही सांगत होतं.

‘सैराट’ची गाणी अजय-अतुल यांनी थेट लॉस एंजेलिसला जाऊन, हॉलिवूडच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर तिथल्या वादकांचा ताफा बसवून ध्वनिमुद्रित केली. व्हायोलिन, चेलो, पितळी वाद्यं, सगळा सरंजाम. मराठी चित्रपटाने असा थाट आधी पाहिला नव्हता. तो थाट आमच्यापर्यंत कसा पोहोचला? डीजेवाल्याने बेस एवढा वाढवला, की हॉलिवूडचे सगळे व्हायोलिनवाले मिळून एक ‘धडाम’ झाले. आणि बँडमध्ये त्या अख्ख्या ताफ्याचं काम एकटा क्लॅरिनेटवाला करत होता, त्याचाही पुढचा एक दात पडलेला. ‘याड लागलं’मधल्या त्या लांबच लांब तरल सुरावटीत त्याची निम्मी हवा दातातून जायची. तरी लोक डोळे मिटून ऐकायचे. त्याला ऐकून एका आजीने मला विचारलं होतं, “पोरगं आजारी हाय का बाप्पा?”

टॉकीजमध्ये तर ‘झिंगाट’ लागलं की लोक खुर्च्या सोडून पडद्यापुढे नाचायचे. महाराष्ट्रभर हेच झालं, आमच्याकडेही. पुढे याच गाण्याने ‘धडक’मधून हिंदीत पाऊल टाकलं, त्याआधी ‘सैराट’ कानडीतही गेला. आमच्याकडे त्याचं कोणाला अप्रूप नाही. टपरीवरचं मत असं, की ‘झिंगाट’चे शब्द कानडी असते तरी काही बिघडलं नसतं, कारण पहिल्या ठेक्यानंतर शब्द ऐकतं कोण?

आता मूळ जोडीकडे येऊ. या दोघांतला अजय कोणता आणि अतुल कोणता, हा प्रश्न माझ्या परिचयातल्या कट्टर चाहत्यांनाही घाम फोडतो. ‘अजयअतुल’ हा एकच सलग माणूस आहे असं मानणारी एक पिढी आमच्याकडे होती. “अजयअतुल गाते चांगला,” असं एकवचनी कौतुक मी स्वतः ऐकलेलं आहे. 2021 मध्ये ‘इंडियन आयडल मराठी’त दोघं परीक्षक म्हणून शेजारी-शेजारी बसले, तेव्हा घरोघरी खात्री पटली की ही दोन स्वतंत्र माणसं आहेत. पण वाद मिटला नाही. गातो तो अजय, इतपत एकमत आहे. मग अतुल काय करतो, यावर एका सलूनमध्ये एका गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच राहिली होती.

त्यात अतुल थोरले, जन्म 1974 चा. अजय धाकटे, 1976 चे. मग धाकट्याचं नाव आधी कसं? हे आमच्या भागात सहज पचणारं नाही. इथं लग्नपत्रिकेत चुलत्याचं नाव एका ओळीने खाली गेलं तर दोन पिढ्या बोलणं बंद होतं. यावर एका निवृत्त गुरुजींनी कायमचा निकाल दिला. “हजेरीपटावर ज आधी येतो की त?” सगळे गप्प. गुरुजींनी चाळीस वर्षं हजेरी घेतली होती, त्यांच्याशी वाद घालणार कोण?

या गुरुजींचं स्वतःचं मत विचाराल तर ते अजय-अतुल यांच्या आधी ‘अनिल-अरुण’ म्हणतात. अनिल मोहिले आणि अरुण पौडवाल. ‘अष्टविनायक’ त्यांचाच. तिथून गुरुजी राम कदमांच्या ‘पिंजरा’वर जातात, तिथून शंकर-जयकिशनवर, आणि जयकिशन 1971 मध्ये गेल्यावरही शंकर यांनी जोडीचंच नाव कसं चालू ठेवलं हे सांगताना त्यांचा गळा दाटतो. मुलं तोवर चहाचे पैसे देऊन निघून गेलेली असतात. गुरुजींना हे माहीत असतं. चहाचे पैसे वाचावेत म्हणूनच ते शंकर-जयकिशनवर जातात, असा काहींचा संशय आहे.

तहसील कचेरीतले एक भाऊसाहेब तर या जोडीवर खात्याचाच हक्क सांगतात. गोगावले बंधूंचे वडील महसूल खात्यात नोकरीला होते, बदलीच्या गावी मुलं वाढली, संगीताचं रीतसर शिक्षण असं काही झालं नाही. भाऊसाहेबांना हे कळल्यापासून ते ‘सैराट’चं श्रेय घेतात. “आमच्या खात्यातले पोरं हायेत ते,” असं छाती काढून सांगतात आणि समोरच्याचा फेरफार पुढच्या आठवड्यावर ढकलतात. लय कुठे तोडायची याची जाण त्यांनाही उपजतच आहे.

या सगळ्या गलक्यात एक माणूस मला मनापासून पटतो. त्याची मोताळ्याकडे थोडी शेती आहे. रब्बीत कृषिपंपाला रात्रीची लाइन असते, म्हणजे माणसं झोपतात तेव्हा हा हरभऱ्यात तुषारचे पाइप हलवत असतो. थंडी अशी की बोटं पाइपाला चिकटतात. खिशात मोबाइल, मोबाइलवर ‘खेळ मांडला’. पुन्हा तेच, पुन्हा तेच, लाइन जाईपर्यंत. ‘नटरंग’मधला गुणा सगळं हरून उभा आहे आणि अजय तो टाहो फोडतात, ते गाणं दोन वाजता काळ्याभोर वावरात ऐकलं तर अंगावर काटा येतो, हे मी स्वतः एकदा सोबत जाऊन ऐकलं आहे. मी त्याला भारावून विचारलं, हेच गाणं का? मला वाटलं, आता तो भाव, कर्ज, पाऊस यातलं काहीतरी बोलेल.

तो म्हणाला, “याच्यानं रानडुकरं येत नाईत. ‘अप्सरा आली’ लावून पायलं. येतेत.”

वन खात्यातल्या एका मित्राचं गाणं अर्थातच ‘याड लागलं’, पण ते त्याने स्वतःसाठी निवडलेलं नाही. टिपेश्वरच्या अभयारण्यातला एक वाघ 2019 मध्ये गळ्यात रेडिओ कॉलर घेऊन निघाला आणि महाराष्ट्र-तेलंगणातून 3,000 किलोमीटरहून जास्त चालत आमच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. ‘वॉकर’ म्हणून तो देशभर गाजला. एवढं चालला कशासाठी, तर जागा आणि जोडीदारीण शोधायला, असं जाणकार म्हणतात. जागा मिळाली. दुसरं काही आमच्या जिल्ह्यात त्याला मिळालं नाही. “आर्चीशिवायचा परश्या,” असं मित्र म्हणतो आणि गाणं लावतो. माझ्या मते हा त्या गाण्याचा जिल्ह्यातला सर्वांत योग्य वापर आहे.

गणपतीतलं वेगळं सांगायला नको. 2001 च्या ‘विश्वविनायक’पासून ‘उलाढाल’मधल्या ‘मोरया’पर्यंत आणि तिथून ‘अग्निपथ’च्या ‘देवा श्री गणेशा’पर्यंत दहाही दिवसांचा पुरवठा या दोन भावांनी करून ठेवला आहे. मंडळाच्या कार्यकर्त्यांचा वाद फक्त एवढाच, की रात्री दहाला लाउडस्पीकर बंद करायचा नियम आहे तर शेवटचं गाणं कोणतं. तो वाद साडेनऊला सुरू होतो आणि दहाला पोलीस येऊन सोडवतात. बाप्पा तेवढ्यात एक चौक पुढे सरकलेले असतात.

चाहते म्हणून आमच्यात एक उणीव आहे, ती कबूल केली पाहिजे. या जोडीचे मोठे लाइव्ह कार्यक्रम होतात ते महानगरांत, शंभरेक वादक घेऊन, तिकीट लावून. तिथं जाऊन आलेला माणूस इथं परत आला की आठ दिवस जमिनीवर नसतो. फोनवर काढलेला व्हिडिओ तो सगळ्यांना दाखवतो. व्हिडिओत रंगमंच बोटाएवढा असतो, समोरच्याचं डोकं टरबुजाएवढं, आणि सर्वांत स्पष्ट आवाज असतो याचा स्वतःचा, बेसूर. अजय यांचा एक सूरही त्यात सापडत नाही. तरी आम्ही पूर्ण बघतो. राजूर घाटातून मलकापूरची रेल्वे गाठायला निघालेल्या गाडीत मला तो तीन वेळा बघावा लागला, कारण घाटात रेंज नव्हती आणि दुसरं काही बघायची सोय नव्हती. नंतर कळलं, की त्या माणसालाही गाणं आठवत नव्हतं. पार्किंगला किती पैसे घेतले, ते मात्र पक्कं आठवत होतं.

आता वाचकाला माझं आवडतं गाणं कोणतं असा प्रश्न पडला असेल. मी ते सांगणार नाही, कारण त्यासाठी मला माझ्या लग्नाची हकिकत सांगावी लागेल, आणि हा मजकूर आमच्या घरातही वाचला जातो. एवढंच सांगतो, की पत्रिकेवर मुहूर्त 12 वाजून 15 मिनिटांचा होता आणि अक्षता पडल्या तेव्हा गाई घरी परतत होत्या.

यंदाच्या लग्नसराईत आमच्याकडून तुम्हाला पत्रिका आलीच, तर अवश्य या. आवडतं गाणं मनात धरून या, पण ते टपरीवर बोलू नका. सरळ डीजेवाल्याच्या कानात सांगा, तो वाजवतो. बँड असेल तर कोंबडी की चमेली असं मास्तरांना विचारू नका, नोट द्या. आणि लग्न घाटाखालचं असेल, तर घरून जेवून निघा.